फिल्टरकडे आलेला मिक्सरचा कारभार

रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी आपल्या विद्युत्-वाद्याची जुळणी आरंभिली, तेव्हा त्यातील प्रत्येक कार्याला स्वतंत्र कप्पा नेमून दिलेला असे: नाद उत्पन्न करणारे ऑसिलेटर एकीकडे, त्यांचे उच्च स्वरांश छाटणारा फिल्टर दुसरीकडे, आणि अनेक नादांना एकत्र आणणारा मिक्सर तिसरीकडे, तारा खोचून त्यांची सोयरीक जुळविणे हे वादकाचे काम.

ही कामाची वाटणी मोडली गेली ती अ‍ॅलन पर्लमन यांच्या एआरपी कंपनीने १९७१ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये सिद्ध केलेल्या '२६००' या वाद्यात. त्याच्या फिल्टरला पाच प्रवेश होते. रिंग मॉड्युलेटर, तिन्ही ऑसिलेटर आणि नॉइज जनरेटर यांचे नाद तेथे आतूनच आणून सोडलेले असत, प्रत्येकाचे प्रमाण स्वतंत्र सरकत्या कळीने ठरे, आणि बाहेरून जॅक खोचताच आतील जोडणी तुटून त्या जागी वादकास हवा तो नाद दाखल होई. छाटणीची सीमा ठरविणारी कटऑफची कळ अगदी वर व त्या सीमेजवळचे स्वरांश फुगविणारा रेझोनन्स शून्यावर ठेवला, की छाटणीचा आपला हक्क फिल्टर बहुतांशी सोडून देतो, आणि उरतो तो पाच वाटांचा मिक्सर. वाद्यात मिक्सर म्हणून जो वेगळा विभाग होता, त्याला तर दोनच प्रवेश होते.

परंतु ही केवळ सोय नव्हती, असे माझे निश्चित मत आहे. आरंभीच्या २६०० मधील फिल्टरचे मूग यांनी १९६९ साली पेटंट मिळविलेल्या ट्रान्झिस्टरांच्या 'शिडी' फिल्टरशी निकटचे साधर्म्य होते. अशा शिडीत नाद प्रमाणाबाहेर जोराने लोटले, की ट्रान्झिस्टर वाकतात, एका नादाचा भार दुसऱ्याच्या आकृतीवर पडतो, आणि दोहोंपैकी एकातही नसलेले स्वरांश जन्मास येतात. स्वच्छ मिक्सर केवळ बेरीज करतो. येथे नाद परस्परांत मुरतात. शिवाय सारे मिश्रण एकाच नियंत्रक व्होल्टेजच्या हुकुमतीखाली असल्याने ते सबंधच्या सबंध मंद करता येते वा उजळता येते, आणि हे सामर्थ्य पाच कळांच्या साध्या मिक्सरला कदापि लाभत नाही.

फिल्टरकडेच मिक्सरचे काम सोपविण्याची ही रीत पुढेही दिसते: रोलंड कंपनीच्या सिस्टिम १००एम या वाद्यातील १२१ क्रमांकाच्या जोड-फिल्टरातही प्रत्येक फिल्टरला तीन प्रवेश आणि तीन कळा ठेवण्यात आल्या.