सुगीची उपकारस्तुती : मॉर्वेनस्टोपासूनची वाटचाल

इंग्लंडमध्ये सप्टेंबर सरत आला की गावोगावच्या चर्चमध्ये खिडक्यांच्या कट्ट्यांवर सफरचंदे, भोपळे आणि कांदे मांडले जातात. वेदीजवळ गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव ठेवतात. हे सारे फार प्राचीन असावे, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. सुगीच्या या उपकारस्तुतीचे आजचे रूप मात्र 1843 सालचे आहे. त्याचा आरंभ कॉर्नवॉलच्या उत्तर टोकाला, अटलांटिकच्या कड्यांवर वसलेल्या मॉर्वेनस्टो या छोट्या गावात झाला.

त्याआधी काहीच नव्हते असे नाही. मध्ययुगात 1 ऑगस्टच्या सुमारास नव्या गव्हाचा पाव आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर ही प्रथा मागे पडली. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात पावसासाठी, दुष्काळ टळण्यासाठी आणि सुबत्तेबद्दलच्या आभाराच्या प्रार्थना होत्या, पण सुगीची स्वतंत्र उपासना नव्हती. उरली होती ती शेतमालकाच्या घरची मेजवानी. शेवटची गाडी खळ्यात आली की गाणी, जेवण आणि बिअर. आणि बऱ्याचदा सांगता बिअरनेच होई.

रेव्हरंड रॉबर्ट स्टीफन हॉकर 1835 मध्ये मॉर्वेनस्टोला आले, तेव्हा तेथे शंभराहून अधिक वर्षे निवासी धर्मगुरू नव्हता. वस्ती गरीब शेतमजुरांची. चोरटी आयात करणारे आणि फुटलेल्या जहाजांचा माल उचलणारेही त्यांत होते. हॉकर कवी होते आणि विक्षिप्तही. काळ्या पोशाखाऐवजी कोळ्यांची निळी बंडी आणि समुद्री बूट घालून ते गावात हिंडत. वाहून आलेल्या लाकडांची त्यांनी कड्यावर बांधलेली झोपडी आज नॅशनल ट्रस्टची सर्वांत लहान वास्तू म्हणून ओळखली जाते. या लहरींच्या कथा इतक्या रंगतात की त्यांचे खरे काम झाकले जाते. 1842 मध्ये ‘कॅलेडोनिया’ हे जहाज खडकांवर फुटले, तेव्हा खलाशांची प्रेते वर आणवून त्यांनी चर्चच्या आवारात रीतसर दफन केली.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1843 मध्ये, त्यांनी गावकऱ्यांना आवाहन केले : 1 ऑक्टोबरच्या रविवारी सर्वांनी चर्चमध्ये यावे, पिकाबद्दल देवाचे आभार मानावेत आणि नव्या धान्याच्या पावाने प्रभुभोजन घ्यावे. प्रथा जुनीच होती. हॉकर यांनी ती ऑगस्टमधून शरदात आणली. ऑगस्टच्या आरंभी बरेचसे पीक शेतातच उभे असते. ऑक्टोबरात कोठारात किती आले ते कळलेले असते, आणि कमी आले असले तरी आभार मानायचेच असतात.

पुढची वर्षे उपासमारीची होती. 1845 पासून बटाट्यावरील रोगाने आयर्लंडमध्ये हाहाकार माजवला, त्याची झळ कॉर्नवॉललाही बसली. तरी उपकारस्तुती पसरत राहिली. हेन्री आल्फर्ड यांनी 1844 मध्ये सुगीचे गीत लिहिले. माथियास क्लाउडियुस यांच्या अठराव्या शतकातील जर्मन गीताचे जेन कँपबेल यांनी केलेले इंग्रजी रूपांतर 1861 मध्ये आले. ही दोन्ही गीते आजही या दिवशी गाइली जातात. सॉमरसेटमधील ईस्ट ब्रेंटला आर्चडीकन जॉर्ज डेनिसन यांनी 1857 मध्ये साऱ्या गावासाठी सुगीचा सोहळा सुरू केला. 1862 मध्ये कँटरबरीच्या धर्मसभेने उपासनेचा ठरावीक नमुना दिला आणि एका गावाचा उपक्रम सर्वमान्य झाला.

मान्यता मिळाली, तरी चर्चच्या बाकांवर सारे आलबेल नव्हते. वेदीपाशी पेंढी ठेवणारा मजूर आठवड्याच्या मजुरीत घर चालवू शकत नव्हता. 1872 मध्ये वॉरिकशायरचे जोसेफ आर्च यांनी शेतमजुरांची संघटना उभारली. ते स्वतः मेथडिस्ट उपदेशक होते. 1874 मध्ये पूर्वेकडील परगण्यांत मालकांनी संघटित मजुरांना कामावरून दूर ठेवले. त्या शरदात आभार कोणी कोणाचे मानायचे, हा प्रश्न चर्चलाही टाळता येण्यासारखा नव्हता, आणि अनेक ठिकाणी तो टाळलाच गेला. नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य आले. 1894 मध्ये गव्हाचा भाव ‘क्वार्टर’ या मापामागे 22 शिलिंग 10 पेन्सपर्यंत घसरला आणि मालकही मोडले. तरी सण उरला, कारण तो एव्हाना शेतापुरता राहिला नव्हता. कोळी जाळी आणि मासे घेऊन आले, खाणकामगार कोळसा. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये शिंपल्यांच्या गुंड्यांनी मढवलेल्या पोशाखांतील ‘पर्ली’ राजे-राण्या दर ऑक्टोबरात जमू लागले; त्यांची परंपरा फेरीवाल्या भाजीविक्यांची.

दुसऱ्या महायुद्धात चर्चच्या घंटांना बंदी होती. 1940 ते 1942 या तीन सुगींची उपासना घंटांविनाच झाली. युद्ध संपल्यावर, 1946 ते 1948 या काळात, खुद्द पावाचे रेशनिंग आले. शहरांत पेंढ्यांच्या जागी डबाबंद खाद्यपदार्थ आले, याची अनेकांनी थट्टा केली. ती थट्टा अनाठायी म्हणावी लागेल : सॉल्झबरीत 2000 साली ट्रसेल ट्रस्टची पहिली अन्नपेढी सुरू झाल्यानंतर हेच डबे गरजूंच्या घरी पोचू लागले. 2001 च्या लाळ-खुरकुताच्या साथीत डेव्हनमधील कित्येक गोठे रिकामे झाले. तिथल्या मंडळ्यांनी त्याही शरदात उपासना केली.

मिशनऱ्यांबरोबर हा सण महाराष्ट्रात आला आणि इथल्या मातीचा झाला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्यांत तो पिकाच्या सोयीने साजरा होतो. वेदीसमोर बाजरी, ज्वारी, ऊस, केळी, अंडी, कधी जिवंत कोंबडीही अर्पण केली जाते. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एखाद्या भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते. घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि बोली नव्याने सुरू होते. जमलेली रक्कम मंडळीच्या खर्चाला आणि अडलेल्या कुटुंबांना जाते. मॉर्वेनस्टोच्या चर्चमध्येही दर शरदात उपकारस्तुती होतेच. कॅलेडोनियाच्या शीर्षशिल्पाची प्रतिकृती आवारात आणि हॉकरांची झोपडी कड्यावर पाहायला येणारे प्रवासी त्या गर्दीत असतात.