गतिचित्र आणि साधे पृष्ठ : गोंडीच्या लेखनाचा एक प्रश्न

अहेरीच्या परिसरात मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. त्यांपैकी गोंडीचे वाङ्मय मुख्यतः मौखिक होय. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ३० लक्ष भाषक नोंदले गेले. अशा भाषेने संकेतस्थळावर कोणत्या रूपाने यावे, या प्रश्नाचा निर्णय करताना फ्लॅश या प्लगिनचा इतिहास उद्बोधक ठरतो.

टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएल या खूणपद्धतीवरील पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये जगापुढे आले. तीत मजकूर हा मजकूर म्हणूनच राहतो. मात्र ध्वनी आणि हालचाल यांची सोय आरंभी नव्हती. ही उणीव १९९६ च्या सुमारास अवतरलेल्या फ्लॅशने भरून काढली. विंडोज २००० पूर्वी विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. अशा वेळी अक्षरांचे आकार गतिचित्राबरोबरच वाचकापर्यंत पोचत, हा लाभही लहान नव्हता.

परंतु आकार पोचला म्हणजे अक्षर पोचले, असे नव्हे. आकृती झालेला शब्द शोधता येत नाही आणि कोशकाराला त्याची सूचीही करता येत नाही. शिवाय ती आकृती उघडण्याची किल्ली एकाच कंपनीच्या हाती राहते. २००७ च्या आयफोनने फ्लॅशला थारा दिला नाही. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये ध्वनी व चलच्चित्र अंगभूत झाले. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. रफलसारख्या अनुकारकाने काही जुनी गतिचित्रे आज पुन्हा पाहता येतात. पण त्यांतील आकृत्यांची अक्षरे त्यामुळे होत नाहीत.

फ्लॅशच्या समाप्तीची घोषणा जुलै २०१७ मधील. त्याच्या आदल्याच महिन्यात मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले होते. २०१८ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोंडी लिपीलाही ते लाभले. देवनागरीत लिहिलेल्या गोंडीला तर ते पूर्वीपासूनच होते.

तात्पर्य, फ्लॅशने हेरलेली गरज खरी होती. मौखिक भाषेला आवाज हवाच. परंतु अहेरीत ध्वनिमुद्रित केलेल्या गीताच्या शेजारी त्याची संहिता साध्या पृष्ठावर, प्रमाणित अक्षरांत असली पाहिजे. साधन कालबाह्य झाले, तरी पुढील अभ्यासकाच्या हाती निदान ते शब्द राहतील.