कोरडी काडी, ओली पेटी : आगकाडी आणि दमटपणा यांचा इतिहास

आषाढात राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारे अनेक गिर्यारोहक आगकाड्या घरूनच ‘पावसाळी’ करून नेतात. वितळलेल्या मेणात काडीचे टोक क्षणभर बुडवायचे किंवा गुलावर नखांच्या रंगाचा पातळ हात द्यायचा, आणि काड्या सुकल्यावर घट्ट झाकणाच्या डबीत भरायच्या. एवढे करूनही गडावर चूल पेटवताना पुष्कळदा फजिती होते. काडी कोरडी असते, गुल शाबूत असतो, तरी पेट घेत नाही. अशा वेळी दोष काडीचा नसतो. भिजलेली असते ती पेटीची घासायची कड. काडी आणि कड यांची ही ताटातूट का झाली, याचे उत्तर आगकाडीच्या इतिहासात आहे.

आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यांत विस्तव जपून ठेवावा लागे. रात्री निखारे राखेखाली झाकले जात. सकाळी ते विझलेले आढळले, तर शेजारच्या घरून गोवरीवर विस्तव मागून आणावा लागे. वाटसरूच्या आणि गुराख्याच्या बटव्यात चकमक, गारगोटी आणि कापूस असे. यांपैकी गारगोटीला आणि पोलादाला पाण्याचे भय नव्हते; भय होते ते कापसाला. त्यामुळे पावसाळ्यात खरी काळजी ठिणगीची नव्हती, तर ठिणगी धरणाऱ्या वस्तूची होती.

इंग्लंडमधील जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ मध्ये घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विकायला आरंभ केला. १८३० च्या सुमारास गुलात पांढरा फॉस्फरस आला आणि काडी भिंतीवर, दगडावर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही घासून पेटू लागली. ही सोय कामगारांना फार महाग पडली. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी कारखान्यांतील माणसांच्या जबड्याचे हाड कुजत असे. १८८८ मध्ये लंडनच्या काडीकामगार मुलींनी केलेल्या संपामुळे या धंद्यातील हलाखी जगापुढे आली. १९०६ च्या बर्न करारात अशा काड्यांवर बंदी घालण्याचे ठरले, आणि भारतात १९१३ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना मनाई करणारा कायदा झाला.

पर्याय त्याआधीच सापडला होता. स्वीडनमधील यॉनशॉपिंग येथील लुंडस्ट्रॉम बंधूंनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सुरक्षित काडी मांडली. तिच्यामागील कल्पना साधी होती : ज्वलनाची सामग्री एका ठिकाणी ठेवायचीच नाही. गुलात ऑक्सिजन पुरवणारे पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सरस. तर पेटीच्या कडेवर तांबडा फॉस्फरस, काचेची पूड आणि सरस. घर्षणाच्या उष्णतेने कडेवरील फॉस्फरसचा सूक्ष्म अंश क्लोरेटशी भिडतो आणि गुल पेटतो. हीच दोन द्रव्ये एकत्र कालवली तर किती अल्प आघाताने स्फोट होतो, हे दिवाळीतील टिकल्यांवरून कळते. म्हणूनच गुलाचे मिश्रण घरी तयार करण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

अशा रीतीने काडी सुरक्षित झाली, पण ती अर्धी झाली. तिचा दुसरा अर्धा भाग पेटीवर राहिला.

ही सुरक्षित काडी भारतात प्रथम प्रामुख्याने आयातीच्या रूपाने आली. आधी स्वीडनची, पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानची. १९२२ मध्ये सरकारने आयात शुल्क दुप्पट करून एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केले. परदेशी माल महागला, आणि स्वीडिश उद्योगाने येथेच कारखाने काढण्याचा मार्ग धरला. १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ म्हणजेच ‘विमको’ स्थापन झाली आणि ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे तिचा कारखाना उभा राहिला. अकराव्या शतकातील शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे हे गाव आगपेट्यांसाठीही ओळखले जाऊ लागले. त्याच सुमारास अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे कलकत्त्याला जाऊन ही विद्या शिकले आणि तमिळ प्रदेशातील शिवकाशीत त्यांनी हाताने काड्या बनवण्याचा धंदा सुरू केला. शिवकाशीची हवा कोरडी, अंबरनाथची कोकणपट्टीतील दमट. गुल असो वा कड, ओल्या हवेत सरस लवकर सुकत नाही. शिवकाशीच्या भरभराटीचे एक कारण तेथील कोरडे हवामान मानले जाते. दुसरे कारण स्वस्त मजुरी, आणि त्या मजुरीत दीर्घकाळ लहान मुलांचे हातही होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या बालमजुरीची दखल घ्यावी लागली.

दमटपणा काडीला नेमका कोठे गाठतो? पहिला घाव सरसावर बसतो. प्राणिज सरस हवेतील बाष्प शोषून मऊ पडतो, आणि घासताना गुल पेटण्याऐवजी चुरडून निघतो. काडी प्रत्यक्ष पाण्यात पडली, तर क्लोरेट विरघळून निघून जाऊ लागते. मग काडी वाळवली तरी ती पूर्ववत होत नाही. पेटीच्या कडेची अवस्था याहून बिकट असते. ओलसर हवेत तांबड्या फॉस्फरसचे अत्यंत सावकाश ऑक्सिडीभवन होऊन फॉस्फरसची आम्ले बनतात, आणि ही आम्ले स्वतःच पाणी ओढून घेतात. म्हणजे एकदा दमटलेली कड आपला दमटपणा आपणच वाढवत नेते.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या पावसाळी बेटांवर लढणाऱ्या सैनिकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा अमेरिकेतील डायमंड मॅच कंपनीने पाण्यात आठ तास राहूनही पेटणारी काडी तयार केली. उपायाचे तत्त्व जुनेच : पाणी शिरू न देणारा पातळ लेप. भारतात असा लेप पूर्वापार लाखेचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सुकली की तिचा चिवट पापुद्रा उरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखेच्या किड्यावर संशोधन झाले होते. त्याच शहरातील पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या साध्या शेडमध्ये पुढे ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह घडला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. इलेक्ट्रॉनिक मंडलांना बाष्पापासून जपण्यासाठी आजही त्यांवर पातळ संरक्षक लेप चढवतात. काडी असो वा मंडल, पाण्याशी लढाई पृष्ठभागावरच लढावी लागते.

घरच्या कृतीतील खाचाखोचाही या इतिहासातूनच उलगडतात. मेण थेट ज्योतीवर न वितळवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, कारण तापलेले मेण आणि आगकाडी यांचा शेजार धोक्याचा. लेप पातळ असावा. जाड मेण घासताना कडेवर पसरते आणि तिला निकामी करते. म्हणून पेटवण्यापूर्वी गुलावरील मेण नखाने खरवडून काढतात. नखांच्या रंगातील द्रावक ज्वालाग्राही असल्याने तो उघड्या हवेत, आगीपासून दूर लावून पूर्ण सुकू द्यावा. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की कडेवर लेप देता येत नाही. दिला तर ती घासताच येणार नाही. तिला वाचवण्याचा मार्ग एकच : पेटीची कड कापून वेगळ्या कोरड्या पिशवीत, हवाबंद ठेवणे.

कामगारांच्या जबड्यांनी दिलेल्या किमतीतून आगीचे हे दोन भाग वेगळे झाले. पावसात चूल पेटवायची असेल, तर ते दोन्ही भाग कोरडे राखावे लागतात.