बागेतल्या तळ्यातला निर्वासित : इंग्लंडमधील बेडकाचे स्थलांतर

१/ फेब्रुवारी-मार्च आला की इंग्लंडच्या उपनगरांत घरामागच्या छोट्या तळ्यांवर बेडकांच्या अंड्यांचे जेलीसारखे पुंजके तरंगू लागतात. हे दृश्य पूर्वापार चालत आलेले वाटते. प्रत्यक्षात त्याचा प्रसार गेल्या साठ-सत्तर वर्षांतला आहे. बेडूक बागेत आला, कारण त्याचे आधीचे घर बुजवले गेले. त्या स्थलांतराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आधी पात्रपरिचय. एक बेडूक, दुसरा त्याचा चुलतभाऊ टोड. मराठीत आपण सहसा दोघांनाही बेडूकच म्हणतो. टोडची कातडी कोरडी व खरखरीत. तो उड्या मारण्यापेक्षा चालणे पसंत करतो. बेडकाला वीतभर उथळ पाणीही पुरते. टोडला मोठे, खोल तळे लागते आणि बहुधा जन्माच्या तळ्याकडेच तो वर्षानुवर्षे परततो. हा फरक पुढे निर्णायक ठरणार आहे.

३/ मध्ययुगीन आणि आरंभीच्या आधुनिक युरोपात टोडची अपकीर्ती मोठी होती. तो विषारी, चेटकिणींचा सोबती. त्याच्या डोक्यात विषावर उतारा देणारा मणी असतो, अशीही समजूत होती. असे मणी अंगठ्यांत जडवले जात. ते खरे तर प्राचीन माशांचे अश्मीभूत दात होते!

४/ अठराव्या शतकात दृष्टी पालटू लागली. सेलबोर्नचे पाद्री व निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्या १७८९ च्या ग्रंथात एक हकिगत आहे. काही स्त्रियांनी बागेतल्या एका टोडला अनेक उन्हाळे खाऊ घालून वाढवले. अखेर पाळलेल्या डोमकावळ्याने चोच मारून त्याचा डोळा फोडला आणि तो खंगून मेला. चेटकिणीचा सोबती आता बागेचा पाहुणा झाला होता.

५/ पण बहुसंख्य बेडूक-टोड अंडी घालत ती शेतातल्या तळ्यांत. ही तळीही बव्हंशी मानवनिर्मितच. काही गुरांच्या पाण्यासाठी खणलेली. काही ‘मार्ल’ ही चुनखडीयुक्त माती जमिनीचा कस वाढवण्यासाठी उपसल्याने झालेल्या खड्ड्यांत साचलेली. चेशर परगण्यात अशी तळी विपुल होती. कोरड्या चुनखडीच्या टेकड्यांवर मेंढ्यांसाठी तळाला चिखल थापून तळी बांधत.

६/ इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या अंदाजानुसार १८८० च्या सुमारास इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ८ लाख तळी होती. बेडकांसाठी ती कोणी खणली नव्हती. शेतकऱ्याच्या गरजेतून झालेल्या सोयीत बेडूक बिनभाड्याने राहत होता. गरज संपेल त्या दिवशी भाडेकरूचे काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

७/ एप्रिल १९४६. महायुद्ध नुकतेच संपलेले, शिधावाटप सुरूच. जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात साध्या टोडवर निबंध लिहिला. वसंताचा आनंद फुकट आहे आणि कोणतीही सत्ता तो हिरावून घेऊ शकत नाही, हा त्याचा सूर. दैवदुर्विलास असा, की टोडची तळी हिरावून घेणारे युग नेमके त्याच सुमारास वेग घेत होते.

८/ युद्धकाळातील अन्नटंचाईचा धसका घेतलेल्या ब्रिटनने १९४७ च्या कृषी कायद्याने उत्पादनवाढीला हमी दिली. घोड्याची जागा ट्रॅक्टरने घेतली, गुरांचे पाणी नळाने हौदात आले, पाणथळ जमिनींचा निचरा करण्यास सरकारी अनुदान मिळाले. तळे आता केवळ नांगराच्या वाटेतला अडथळा उरले. विसाव्या शतकाअखेर निम्म्याहून अधिक तळी नकाशावरून पुसली गेली.

९/ शिवाय शाळा-महाविद्यालयांतील विच्छेदनासाठीही बेडूक मोठ्या प्रमाणावर पकडले जात होते. १९७२ मध्ये अर्नोल्ड कुक यांनी बेडूक व टोड यांच्या बदलत्या स्थितीचा आढावा प्रसिद्ध केला. गावोगावच्या लोकांना जाणवत असलेली घट आता कागदावर आली.

१०/ याच दशकांत उपनगरांत वेगळेच काही घडत होते. पूर्वी बागेत तळे म्हणजे काँक्रीट, गवंडी आणि खर्च. प्लॅस्टिक व ब्यूटाइल रबराची चादर बाजारात आली आणि सामान्य माणूस खड्डा खणून, चादर अंथरून एका सुट्टीत तळे करू लागला. ससेक्स विद्यापीठाचे ट्रेव्हर बीबी यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की उपनगरांतील बागा बेडकांचा महत्त्वाचा आसरा बनल्या आहेत.

११/ पुढे ब्रिटनमधील बागांतील तळ्यांचा अंदाज २५ ते ३५ लाखांवर गेला. संख्या जुन्या शेततळ्यांच्या कितीतरी पट, पण एकेक तळे बहुधा चौरस मीटरभराचे. बेडकाला ते पुरले. टोडला पुरले नाही.

१२/ या आश्रयालाही किंमत होती. शेजारी शेजाऱ्याला अंड्यांचे पुंजके भेट देई, दुकानातून सोनेरी मासे येत. १९८० च्या दशकात आग्नेय इंग्लंडच्या बागांत बेडूक मोठ्या संख्येने मरू लागले. कारण निघाले रानाव्हायरस. त्याच्या प्रसारात माणसाच्या या देवाणघेवाणीचा मोठा वाटा होता. २०१० च्या एका अभ्यासात बाधित तळ्यांतील बेडकांची घट ८१ टक्क्यांच्या घरात आढळली.

१३/ टोडची कथा रस्त्यावर घडते. जन्मतळ्याकडे निघालेला टोड वाटेत नवा रस्ता आला म्हणून मार्ग बदलत नाही. म्हणून वसंतातल्या पावसाळी रात्री स्वयंसेवक बादल्या घेऊन त्यांना रस्ता ओलांडून देतात. १९८७ मध्ये हॅम्बल्डन येथे टोडसाठी रस्त्याखालून बोगदाही झाला. तरी २०१६ च्या अभ्यासानुसार तीस वर्षांत ब्रिटनमधील टोड सरासरी ६८ टक्क्यांनी घटले.

१४/ १९८१ च्या वन्यजीव कायद्याने दोघांच्या विक्रीवर निर्बंध आले. पण विक्री रोखता येते. बुजलेले तळे कायद्याच्या त्या कलमाने उघडत नाही. खासगी बागांच्या सहृदयतेने बेडूक सावरला. ज्याला शेत, रान आणि त्यांना जोडणारी वाट हवी, त्या टोडसाठी कोणा एकाची बाग पुरेशी नाही. तेथे सार्वजनिक निर्णयच लागतो.

१५/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुखावणारी गोष्ट. नॉर्फकमध्ये संशोधक जुन्या नकाशांवरून बुजलेली तळी शोधून पुन्हा खणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुमारे ४५ ते १५० वर्षे गाडलेल्या तळ्यांच्या गाळातील पाणवनस्पतींची बीजे अजून जिवंत होती; उजेड-पाणी मिळताच ती रुजली. एकोणिसाव्या शतकातील मोजणीदाराने काढलेला छोटासा गोल आज कुदळ कुठे मारायची ते सांगतो.

तुमच्या पाहण्यातले एखादे तळे बुजवले गेले असेल, तर त्याची जागा आणि आठवण खाली जरूर लिहा. (समाप्त)