पुरस्काराचे नाव आणि नोंदीचे वर्ष

नागपूरची 'नीरी' १९५८ साली स्थापन झाली, ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने; आजचे नाव तिला १९७४ साली मिळाले. तिची पालकसंस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद. या परिषदेचा पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही १९५८चाच, तो के. एस. कृष्णन यांना मिळाला. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार योजना आणली आणि भटनागरांचे नाव तिच्यातील 'विज्ञान युवा' पुरस्काराला जोडले गेले.

महाजालावरील संदर्भनोंदींची कसोटी इथेच लागते. नाव तेच म्हणून दोन्ही याद्या सलग जोडल्या, तर १९७८चे भटनागर-मानकरी जयंत नारळीकर 'विज्ञान युवा'च्या यादीत जाऊन बसतील! सरकारी योजनेतला त्यांचा सन्मान निराळा: 'विज्ञानरत्न', २०२५ साली, मरणोत्तर. पहिला उमेदीतल्या संशोधनाचा गौरव, दुसरा आयुष्यभराच्या कार्याचा. हा भेद पुसला, तर विद्यार्थ्याच्या हाती यादी उरते, इतिहास उरत नाही.

जुन्या पोथीचा संपादक मूळ पाठ सोयीने बदलत नाही. पाठभेद तळटीपेत देतो. पुरस्कारांच्या नोंदींनाही आम्ही हाच न्याय लावू: त्या वर्षीचे नाव, देणारी संस्था, आणि नंतरचा बदल वेगळ्या ओळीत.