गजकर्णावरील मलम : खाज थांबणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे

उष्ण व दमट हवामानाच्या भारतात त्वचेचा बुरशीजन्य संसर्ग हा सर्वत्र आढळणारा विकार आहे. पावसाळ्यात ओले कपडे आणि सततचा घाम यांमुळे जांघ, काख, कंबर व स्तनांखालील घडीत तो विशेषत्वाने दिसतो. गोलाकार, कडेला लालसर आणि खाजणाऱ्या चट्ट्यांना गजकर्ण म्हणतात. चिखलपाण्यात काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या आणि छाती-पाठीवर उमटणारी फिकट शिबे हीदेखील बुरशीचीच रूपे आहेत.

या विकारांवर लावण्याची औषधे सहज मिळतात आणि योग्य रीतीने वापरल्यास ती सुरक्षितही आहेत. तरीही गेल्या काही वर्षांत गजकर्ण पसरण्याचे, वारंवार उलटण्याचे आणि औषधांना दाद न देण्याचे प्रमाण वाढल्याचे देशभरातील त्वचारोगतज्ज्ञ नोंदवत आहेत. यामागील कारणांत मलमांचा चुकीचा वापर हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मिश्र मलमांचा धोका

क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल व टर्बिनाफाइन ही प्रचलित बुरशीविरोधी औषधे आहेत. बुरशीच्या पेशीच्या आवरणासाठी आवश्यक असलेल्या अर्गोस्टेरॉल या घटकाच्या निर्मितीत ती अडथळा आणतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात.

बाजारातील अनेक मिश्र मलमांत मात्र बुरशीविरोधी औषधाबरोबर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांसारखे स्टेरॉइड आणि एखादे प्रतिजैविकही असते. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते त्वचेची दाहक प्रतिक्रिया दाबते. त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज व लाली ओसरते आणि आजार बरा झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात प्रतिकार मंदावलेल्या त्वचेत बुरशी पसरत राहते. मलम थांबवताच खाज अधिक जोमाने परतते, रुग्ण पुन्हा तेच मलम आणतो आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. या काळात चट्ट्यांचे मूळ स्वरूप बदलते, त्यामुळे डॉक्टरांनाही निदान करणे कठीण जाते. जांघेतील त्वचा पातळ होऊन तेथे ताणाचे कायमस्वरूपी पट्टे उमटू शकतात. चेहऱ्यावर वापरल्यास पुरळ, लाली व अनावश्यक केसांची वाढ होऊ शकते. लहान मुलांची त्वचा औषध अधिक शोषून घेते, म्हणून त्यांच्या बाबतीत धोका मोठा असतो.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइड औषधांना ‘अनुसूची एच’खाली आणून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करण्यास मनाई केली. त्याच वर्षी बंदी घातलेल्या 328 मिश्र औषधांत अशा काही मलमांचाही समावेश होता. तरीही चिठ्ठीविना खरेदीची सवय पूर्णपणे मोडलेली नाही. म्हणून ट्यूब घेताना केवळ नाव न पाहता घटकांची यादी वाचावी. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ असलेला घटक दिसल्यास ते स्टेरॉइड आहे का, हे औषध विक्रेत्याला विचारावे आणि असे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याविना लावू नये.

प्रतिरोधाचे आव्हान

‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या बुरशीला 2020 मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. भारतीय उपखंडात ती मोठ्या प्रमाणावर आढळते आणि आता अन्य देशांतही पोहोचली आहे. तिच्या अनेक वाणांतील जनुकीय बदलांमुळे टर्बिनाफाइनचा प्रभाव कमी होतो. त्यामुळे शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला लागू पडलेले औषध आपल्यालाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

मलम कसे लावावे

बाधित भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा. बुरशी बहुधा चट्ट्याच्या कडेला अधिक सक्रिय असते, म्हणून औषध केवळ मध्यभागी न लावता कडेबाहेर सुमारे 2 सेंटीमीटरपर्यंत पातळ थरात लावावे. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत बसेल एवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. त्याहून जाड थर लावल्याने गुण लवकर येत नाही. मलम लावल्यानंतर हात साबणाने धुवावेत.

औषध दिवसातून एकदा लावायचे की दोनदा, आणि किती आठवडे, हे त्या-त्या औषधानुसार ठरते. चट्टा दिसेनासा झाला तरी त्वचेच्या वरच्या थरात बुरशी शिल्लक असू शकते. म्हणून त्यानंतरही साधारणतः दोन आठवडे औषध सुरू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. गजकर्ण बरे झाल्यावर उरलेला काळसर डाग किंवा शिबे गेल्यावर राहिलेला फिकट रंग हा संसर्ग नव्हे. त्वचेचा रंग पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात.

लावल्यावर किंचित चुरचुरणे सामान्य आहे. मात्र तीव्र आग, सूज किंवा फोड आल्यास औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लिंबाचा रस, चुना, ब्लीच यांसारखे दाहक पदार्थ लावल्यास त्वचा भाजते.

मलमाबरोबर पथ्यही

टॉवेल, अंतर्वस्त्रे व अंथरूण इतरांबरोबर वापरू नये. बाधित व्यक्तीचे कपडे वेगळे धुऊन उन्हात वाळवावेत. सैल, सुती कपडे वापरावेत आणि घामेजलेले कपडे लगेच बदलावेत. कमरेचा करदोटा किंवा दंडावरील ताईत ओला राहतो व बुरशीला आश्रय देतो. निदान उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवावा. घरात एकाहून अधिक जणांना संसर्ग असल्यास सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, अन्यथा तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

डोक्याच्या त्वचेतील व नखांतील संसर्गाला मलम बहुधा पुरेसे पडत नाही. पोटातून औषध घ्यावे लागते. चेहऱ्यावरील किंवा अंगभर पसरलेला संसर्ग, दोन-तीन आठवड्यांत गुण न येणे, मधुमेह, गरोदरपण, दुबळी प्रतिकारशक्ती अथवा रुग्ण लहान मूल असणे, या परिस्थितीत स्वतः उपचार करू नयेत. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोल वापरण्यापूर्वी विचारणा करावी.

प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. इसब व सोरायसिसही तसेच दिसू शकतात. चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. शंका असल्यास त्वचेचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली तपासून बुरशीची खात्री करता येते. ही तपासणी साधी असून तिच्यामुळे महिनोन्‌महिन्यांचा चुकीचा उपचार आणि त्यावरील खर्च टळू शकतो.