पाण्याखालची मोटर : ट्रोलिंग मोटर आणि तिच्या दुरुस्तीची परंपरा

गळाने मासे धरताना लहान होडी अत्यंत मंद गतीने आणि शक्य तितक्या कमी आवाजात पुढे नेण्यासाठी बॅटरीवर चालणारी जी छोटी मोटर वापरतात, ती ट्रोलिंग मोटर या नावाने ओळखली जाते. तिचा उगम अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो येथे, १९३४ साली ओ. जी. श्मिट यांनी केलेल्या जोडणीत सापडतो. विजेवर होडी चालवण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. याकोबी यांनी १८३८ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर आणि त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीवर तसे प्रयोग यशस्वी केले होते. श्मिट यांनी मात्र नवी मोटर घडवली नाही. फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देऊन ते चालू करणारी मोटर, घेऊन त्याला लवचिक दांडा आणि पंखा जोडला.

या निवडीतच पुढील सर्व दुरुस्तीची बीजे होती. स्टार्टर काही सेकंद चालून थांबण्यासाठी आणि कोरड्या जागी राहण्यासाठी बनवलेला असतो, तर मासेमाराला मोटर तासन् तास आणि पाण्याच्या सान्निध्यात चालवायची असते. कालांतराने मोटरच दांड्याच्या खालच्या टोकाशी, पाण्यात बुडणाऱ्या बंद नळकांड्यात बसवली गेली, तेव्हा भोवतालच्या पाण्याने तिची उष्णता शोषली जाऊ लागली आणि आवाजही घटला. परंतु त्याच पाण्याला आत येण्यापासून रोखण्याची जबाबदारी आता दांड्याभोवतीच्या रबरी ऑइल सीलवर येऊन पडली.

या सीलचा खरा शत्रू मासेमाराच्या हातातच होता. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले आणि महायुद्धानंतर सुती व रेशमी दोऱ्यांची जागा नायलॉनच्या एकपदरी तंगुसाने घेतली. हा दोरा चिवट, न कुजणारा आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य असल्यामुळे तो पंख्यामागे दांड्यावर गुंडाळला गेला तरी लक्षात येत नाही, आणि फिरता फिरता तो सीलच्या ओठात शिरून त्याला कापतो. मग पाणी थेंबाथेंबाने आत जाते, बेअरिंग गंजतात, चुंबकांना गंजाचे पोपडे धरतात आणि मोटर जड आवाज करू लागते. म्हणूनच पंखा वेळोवेळी काढून त्यामागे तंगूस अडकला आहे का हे पाहणे, ही या यंत्राच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची सवय ठरली.

आतील बिघाड बहुधा ब्रशपाशी सुरू होतो. तार गुंडाळलेल्या फिरत्या गाभ्याला आर्मेचर म्हणतात. त्याच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचे जे कडे असते ते कम्युटेटर, आणि त्याला टेकून वीज आत पोहोचवणारे कार्बनचे ठोकळे म्हणजे ब्रश. ब्रश झिजले की मोटर अडखळते, कधी नळकांड्याला हलकेच ठोकल्यावरच चालू होते. झिजीची काळी भुकटी पट्ट्यांमधल्या फटींत साचली तर वीज आडवाटेने वाहू लागते. दुरुस्तीत कम्युटेटर बारीक काचपेपरने उजळतात, फटी साफ करतात आणि नवे ब्रश बसवतात. जोडणी करताना स्प्रिंगने पुढे ढकलले जाणारे ब्रश मागे धरून कम्युटेटर मध्ये सरकवावा लागतो, त्याच वेळी कायम चुंबक आर्मेचरला ओढून घेत असतात, आणि हे दोन्ही एकत्र सांभाळण्यातच हाताचे कौशल्य दिसते.

जुन्या पाच वेगांच्या मोटरमध्ये वेग कमी करण्यासाठी विजेच्या मार्गात रोधक तारेची वेटोळी घालत. सर्वाधिक वेगाला वीज ही वेटोळी टाळून थेट मोटरकडे जाते, त्यामुळे मोटर केवळ शेवटच्या वेगावरच चालत असेल तर वेटोळे जळले आहे, हे निदान काहीही न उघडता करता येते. असे निदान शक्य व्हावे इतकी साधी रचना हा या पिढीच्या यंत्रांचा मोठा गुण होता.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वेगाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. वीज अतिवेगाने चालू-बंद करून वेग राखण्याच्या या पद्धतीत रोधकात वाया जाणारी ऊर्जा वाचते आणि एका चार्जवर बॅटरी अधिक काळ पुरते, हा लाभ निर्विवाद आहे. मात्र बिघडलेला नियंत्रक दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा बदलण्याकडेच कल वाढला आणि त्यासाठी लागणारा सुटा भाग निर्मात्याने बनवणे थांबवले की सुस्थितीतील मोटरही निरुपयोगी ठरते. याउलट वेटोळ्यांच्या जुन्या मोटरला हवे असतात ते ब्रश, सील आणि बेअरिंग. त्या मापाचे भाग मिळतात तोवर तिची दुरुस्ती साध्या हत्यारांनी घरच्या बाकावरही होऊ शकते, आणि कमी किमतीच्या मोटरमध्ये पाच वेगांची ती रचना पुढेही टिकून राहिली.